टेनिस रॅकेटची ग्रिप: किती जाडीची घ्यायची आणि धरायची कशी?

रविवारचा_खेळाडू

नमस्कार मंडळी. बाणेरला राहतो, वय पंचेचाळीसच्या आसपास, कॉलेजात टेबल टेनिस बरं खेळायचो पण लॉन टेनिस आत्ता आत्ता सुरू केलंय. सोसायटीत एक सिंथेटिक कोर्ट आहे (त्यावर बास्केटबॉल, बॅडमिंटन आणि टेनिस सगळ्याच्या रेषा एकमेकांवर मारलेल्या, आपली कुठली ते बघेपर्यंत बॉल निघून जातो), शनिवार-रविवार कोच येतात. रॅकेट घ्यायला गेलो तर दुकानदाराने एकदा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला सर तुमची हाइट चांगली आहे, तुम्हाला एल-४च लागणार. दिली पण लगेच बांधून. ३०० ग्रॅमची आहे. आता होतंय असं की थोडा वेळ खेळलं की मूठ आवळून आवळून कोपराच्या खालचा भाग भरून येतो आणि सर्व्ह करताना रॅकेट हातात फिरते. बरोबर खेळणारा एकजण म्हणतो ग्रिप जाड आहे, दुसरा म्हणतो बारीक आहे म्हणूनच फिरते, वरून ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) चढव, आणि कोच म्हणतात साइजचं सोडा, तुम्ही धरताच चुकीची. तिघांपैकी कोणाचं ऐकू? एल-४ म्हणजे नक्की काय असतं? ती बारीक करता येते का की नवी रॅकेट घ्यायची? (नवी घेतली तर घरात काय उत्तर द्यायचं तेही सुचवा.)

कोर्टाबाहेरची_आई

वाचतेय. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिच्यासाठीही रॅकेट घ्यायचीये आणि दुकानात ऑनलाइन सगळीकडे हे एल-शून्य एल-एक लिहिलेलं असतं, काही कळत नाही. जाणकारांनी लिहा प्लीज.

मिरजेचा_मामा

भाऊ, आधी सोपं करून बघा की. रॅकेट खेळायच्या हातात फोरहँडला धरतो तशी धरा. मग दुसऱ्या हाताची तर्जनी बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा तळव्याचा फुगीर भाग, या दोघांच्या मधल्या फटीत घालून बघा. बोट नीट बसलं म्हणजे साइज बरोबर. बोट शिरतच नाही म्हणजे बारीक. बोट घालून वर आणखी जागा उरतीय म्हणजे जाड. दुकानात उभ्या उभ्या होणारी गोष्ट आहे, त्या दुकानदारानं हाइट कशाला बघितली काय कळंना.

ड्यूस_ॲडव्हांटेज

मामांनी सांगितलेली टेस्ट चांगली आहे पण ती रॅकेट हातात असेल तरच. ऑनलाइन घेणार असाल तर पट्टीने मोजा. खेळायचा हात उघडा, बोटं सरळ आणि जुळलेली ठेवा. तळव्यावर आडव्या दोन मोठ्या रेषा असतात, त्यातल्या बोटांपासून दुसऱ्या, म्हणजे मधल्या रेषेवर पट्टीचं शून्य ठेवायचं, अनामिका आणि मधल्या बोटाच्या फटीतून पट्टी वर न्यायची आणि अनामिकेचं टोक कुठे येतं ते वाचायचं. जे येईल तो तुम्हाला लागणाऱ्या रॅकेटच्या मुठीचा घेर.

आता एल म्हणजे काय, तर घेराचाच नंबर आहे, युरोपातली पद्धत. एल-० म्हणजे ४ इंच, आणि पुढे प्रत्येक नंबरला १/८ इंच वाढत जातो. म्हणजे एल-१ ४ १/८, एल-२ ४ १/४, एल-३ ४ ३/८, एल-४ ४ १/२, एल-५ ४ ५/८. मिलिमीटरमध्ये हवं तर एल-२ साधारण १०८, एल-३ १११, एल-४ ११४. बट कॅपजवळ (मुठीच्या बुडाचं टोपण) किंवा फ्रेमच्या गळ्याशी छापलेलं असतं, काही कंपन्या नुसताच २ किंवा ३ लिहितात.

एक गोष्ट लक्षात घ्या, दोन साइजमधला फरक घेरात तीन मिलिमीटर, म्हणजे जाडीत एकच मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण हाताला लगेच कळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन साइजच्या मध्ये अडकलात तर कायम बारीक घ्या. बारीक मूठ शेदोनशे रुपयांच्या ओव्हरग्रिपने जाड होते, जाड मूठ बारीक करणं म्हणजे डोक्याला ताप. पूर्वी लाकडी मुठी तासता यायच्या. आताच्या बहुतेक मुठी ग्रॅफाइटच्या दांड्यावर फोम ओतून केलेल्या असतात, तासायला गेलात तर अष्टकोनी आकार बिघडतो आणि आतला ग्रॅफाइट लागतो.

आबा_लाकडी

आमच्या वेळी उलटा सल्ला होता. हातात मावेल ती सगळ्यात जाड मूठ घ्या म्हणजे मनगट हलणार नाही असं सांगायचे. मी ४ ५/८ वर खेळलो सगळी वर्षं, डनलॉप मॅक्सप्लाय, वरून चामड्याची ग्रिप, आणि खेळून झालं की रॅकेट लाकडी प्रेसमध्ये घालून चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात फ्रेम वाकडी व्हायची. कधी कोपर दुखलं नाही. हल्लीच्या मुलांच्या मुठी बघतो तर बॅडमिंटनची रॅकेट वाटते.

ड्यूस_ॲडव्हांटेज

आबा तुमचा मुद्दा बरोबर आहे पण खेळच बदलला ना. ती लाकडी रॅकेट पावणेचारशे ग्रॅमच्या वर जायची, डोकं ६५ चौरस इंचाचं, बॉल सपाट मारायचा किंवा स्लाइस करायचा (खालून कापायचा), आणि फोरहँड, बॅकहँड, व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) जवळजवळ एकाच पकडीने. मनगट घट्ट ठेवून पूर्ण हात फिरवायचा, तिथे जाड मूठ सोयीचीच. आता रॅकेट ३०० ग्रॅम, डोकं १०० चौरस इंच, आणि सगळा खेळ टॉपस्पिनचा, म्हणजे बॉलला पुढे फिरकी देण्याचा. हाताचा पुढचा भाग आणि मनगट मोकळं फिरायला हवं, शिवाय प्रत्येक फटक्याला पकड बदलायची. म्हणून मुठी बारीक झाल्या. नदाल एवढा दणकट माणूस, एल-२ वर खेळायचा. फेडरर एल-३. त्या दुकानदाराच्या हिशोबाने नदालला एल-६ द्यायला पाहिजे होती.

पॉली_स्ट्रिंग

+१. नदालचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, आमच्या क्लबात सहा फुटी माणसं "मला एल-४ शिवाय चालत नाही" असं मिशीला पीळ देऊन सांगतात.

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळते कमी, खेळणाऱ्यांचे हात जास्त बघते. धागाकर्त्यांनी लिहिलेलं भरून येणं वाचून थांबले. दुखतं नक्की कुठे? कोपराच्या बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं तिथे दाबलं तर दुखतं का? चहाचा भरलेला कप उचलताना, दाराची मूठ फिरवताना कळ येते का? तसं असेल तर टेनिस एल्बोची सुरुवात असू शकते, मग ग्रिपच्या आधी कोणाला तरी हात दाखवा. नुसते स्नायू दमत असतील तर तो घट्ट आवळण्याचा प्रताप.

आता सगळे म्हणतात चुकीच्या साइजने टेनिस एल्बो होतो. इतकं सरळ नाहीये ते. वर ड्यूस यांनी पट्टीने मोजायची जी पद्धत सांगितली ती नर्शल नावाच्या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकांची. २००६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, कॉलेजच्या १६ खेळाडूंना या मापाची, त्याहून पाव इंच बारीक आणि पाव इंच जाड अशा तीन मुठी देऊन एका हाताचा बॅकहँड मारायला लावला आणि हाताच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून ते किती काम करतात ते मोजलं. फरक काही खास आला नाही. पाव इंच म्हणजे दोन साइज हां.

ड्यूस_ॲडव्हांटेज

ताई, पण ते १६ जण कॉलेज टीमचे, न दुखणारे, तंत्र पक्कं असलेले. आपल्यासारख्या रविवारच्या माणसाला ते कसं लागू होणार? त्यांचा बॅकहँड समोर लागतो, आपला बॉल पार मागे गेल्यावर मनगट वाकवून लागतो.

फिजिओताई

तेच तर म्हणतेय. कारण तंत्रात जास्त असतं. उशिरा लागलेला एकहाती बॅकहँड, कडक पॉलिएस्टरचं गटिंग (जाळीच्या तारा) आणि तेही जास्त टेन्शनला म्हणजे जास्त ताणून, जुने फुसके बॉल, आणि एकदम आठवड्यातून एकवरून चार दिवस खेळायला लागणं. ग्रिपचा वाटा एवढाच की मूठ हातात नीट बसली नाही तर माणूस ती आवळतो. जाड असली तर बोटं पूर्ण वळत नाहीत म्हणून आवळतो आणि बारीक असली तर फिरेल या भीतीने आवळतो. त्यामुळे धागाकर्त्यांचे दोन्ही मित्र आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पोळी लाटताना लाटणं कसं धरतो, तळवे त्यावरून फिरतात आणि जोर फक्त दाबायच्या क्षणी लागतो, तितपत धरा. बॉल लागण्याच्या क्षणी हात आपोआप घट्ट होतो, तो तुम्हाला करावा लागत नाही. दोन पॉइंटच्या मध्ये रॅकेट दुसऱ्या हातात घ्या, खेळायचा हात झटका. मोठे खेळाडू बघा, सगळे हे करतात.

अवांतर: सचिनला २००४ मध्ये टेनिस एल्बो झाला तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं. पण त्यातल्या बऱ्याच जणांनी रॅकेट काय बॅटही हातात धरलेली नसते.

थोडा_गणिती

ओव्हरग्रिपने किती जाडी वाढते यावर प्रत्येकजण वेगळं सांगतो म्हणून कागद घेऊन बसलो. ओव्हरग्रिप साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. मुठीभोवती गुंडाळली की घेर वाढणार दोन गुणिले पाय (३.१४) गुणिले ०.५, म्हणजे ३.१४ मिमी. एका साइजचा फरक १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिमी. म्हणजे गणिताने एका ओव्हरग्रिपला एक पूर्ण साइज! पण पाकिटावर आणि दुकानात सगळीकडे अर्धी साइज म्हणतात. माझं म्हणणं असं की आपण ती ताणून लावतो म्हणून पातळ होते आणि हाताच्या दाबाने अजून बसते, म्हणून हाताला अर्धीच जाणवते. जिथे एकावर एक येते तिथे दुप्पट असते ते वेगळंच.

पॉली_स्ट्रिंग

गणिती, लग्न झालंय का तुमचं?

थोडा_गणिती

झालंय. बायकोनेच व्हर्निअर आणून दिला.

रविवारचा_खेळाडू

सगळ्यांचे आभार. फिजिओताई, हाडावर दाबलं तर दुखत नाही, कपही उचलता येतो, फक्त स्नायू दमतात. पट्टीने मोजलं तर १०८ आलं, म्हणजे एल-२. मामांची बोटवाली टेस्टही केली, बोट घालून शेजारी अर्धं बोट अजून बसेल एवढी फट आहे. म्हणजे मी दोन साइज वरची घेऊन बसलोय. रॅकेट बाकी आवडलीये, परत करता येणार नाही कारण गटिंग करून घेतलंय. काही जुगाड आहे का?

डावखुरी_लीना

आहे. मूठ आतून तासायची नाही, वरची कातडी बदलायची. रॅकेटबरोबर जी जाड गुबगुबीत ग्रिप येते ती बेस ग्रिप, दीड ते दोन मिमी जाड असते. ती काढून टाका. वरच्या टोकाची चिकटपट्टी सोडवायची, मग हळूहळू उलगडत यायचं, खाली बट कॅपपाशी बारीक पिन मारलेली असू शकते ती पकडीने काढा, हातात घुसते. आता उघड्या मुठीवर पातळ बेस ग्रिप लावा, किंवा सरळ दोन ओव्हरग्रिप एकावर एक. निदान एक साइज तरी खाली याल. तोटा असा की गादी गेली, हातात सगळं कळतं, बॉल कडेला लागला की मूठ ठणकते. पण मुठीच्या आठ कडा स्पष्ट लागतात, पकड बदलायला सोपं जातं, मला तर तेच आवडतं.

वजनाचंही बघा, बेस ग्रिप काढली की शेपटाकडचं वजन कमी होतं आणि रॅकेट डोक्याकडे जड वाटायला लागते. एक ओव्हरग्रिप पाचेक ग्रॅमची, त्यामुळे दोन लावल्या तर थोडं भरून निघतं. चामड्याची लावली तर उलट जड होते, ती पातळ असते, कडाही छान लागतात, पण कडक असते आणि घामाने निसटते म्हणून वरून ओव्हरग्रिप लावावीच लागते. आबांना विचारा.

आबा_लाकडी

चामड्यावर ओव्हरग्रिप म्हणजे रेशमी साडीवर रेनकोट. आम्ही हात टॉवेलला पुसायचो आणि खेळायचो. तो ऐंशीच्या दशकातला चॅम्पियन लेंडल तर खिशात भुसा ठेवायचा, सर्व्हच्या आधी हाताला चोळायचा आणि मुठीवरही टाकायचा, बेसलाइनपाशी ढीग पडायचा.

घामट_दादरकर

लेंडलचा भुसा दादरला मे महिन्यात लगदा झाला असता. आमच्याकडे ग्रिपची साइज वगैरे नंतर, आधी हातातून सुटून नेटपलीकडे जाणार नाही एवढं बघायचं असतं. माझा अनुभव सांगतो. ओव्हरग्रिप दोन जातीच्या. एक चिकट, हाताला धरून ठेवते, योनेक्सची सुपर ग्रॅप, विल्सनची प्रो वगैरे, हाताला मऊ, पुण्यात थंडीत झकास. पण घामाने थबथबली की त्यांचा साबण होतो. दुसरी कोरडी, त्यातली प्रसिद्ध म्हणजे ती फिक्या निळ्या रंगाची टूर्ना, हाताला आधी कागदासारखी वाटते आणि ओली होईल तशी जास्त धरते. मुंबई, गोवा, कोकणात खेळणाऱ्यांनी हीच घ्यावी. लवकर फाटते, बोटाखाली तिचे धागे निघतात, पण तक्रार नाही.

आणि ओव्हरग्रिप काळी पडून गुळगुळीत होईपर्यंत वापरू नका हो. आमच्याकडे लोक हजारोंची रॅकेट घेतात आणि ग्रिप दोन दोन पावसाळे चालवतात. ती गुळगुळीत झाली की तुम्ही जास्त आवळता, मग ताई म्हणतात ते सगळं सुरू होतं. रॅकेट गाडीच्या डिकीतही टाकून ठेवू नका, उन्हात गट्स ढिले पडतात आणि ग्रिपचा गोंद वितळून हाताला लागतो.

नाना_डॅलसचे

इकडे अमेरिकेत एक सोय आहे, दुकानं डेमो रॅकेट देतात, आठवडाभर खेळून बघायची, पटली तर घ्यायची. तीच फ्रेम एल-२ आणि एल-३ मध्ये मागवून एकाच दिवशी आलटून पालटून खेळलो तेव्हा कुठे फरक कळला, जाड मुठीने व्हॉली जास्त घट्ट लागत होती पण सर्व्हला झटका येत नव्हता. मी एल-३ ठेवली कारण मी डबल्सवाला, नेटपाशी उभा राहून कमेंट्री करणारा.

दुसरं, प्रत्येक कंपनीची मूठ वेगळ्या आकाराची असते. हेडची चपटी, आयताकडे झुकणारी, विल्सन आणि बॅबोलॅटची त्यामानाने चौकोनी-गोल. म्हणून एका कंपनीची एल-३ दुसरीच्या एल-३ सारखी लागेलच असं नाही. नंबरवर जाऊ नका, हातात धरा.

बारीक मूठ कायमची जाड करायची असेल तर हीट श्रिंक स्लीव्ह मिळते, प्लॅस्टिकची नळी मुठीवर चढवून गरम हवा दिली की आवळून बसते, एक साइज वाढते आणि कडा शाबूत राहतात. तीन-चार ओव्हरग्रिपचे थर चढवले तर मूठ गोल होऊन जाते, कडाच लागत नाहीत, मग रॅकेटचं तोंड कुठे वळलंय तेच कळत नाही.

रविवारचा_खेळाडू

कडांचं सगळेच बोलताय म्हणून विचारतो, कोच सारखे "दोन नंबरवर ये, दोन नंबरवर ये" ओरडतात. मी मान डोलावतो. दोन नंबर म्हणजे काय?

बेसलाइन_मास्तर

मी शिकवतो (पोटापाण्यासाठी नाही, हौस म्हणून, क्लबातल्या मुलांना). मूठ अष्टकोनी असते. रॅकेट जमिनीला काटकोनात उभी धरा, म्हणजे कड खाली, रॅकेटची जाळी डावी-उजवीकडे बघतेय. बट कॅपकडून बघा. सगळ्यात वरची सपाट बाजू एक नंबर. उजव्या हाताने खेळत असाल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजा, तिच्या उजवीकडची तिरकी बाजू दोन, मग उभी बाजू तीन, खालची तिरकी चार, तळाची पाच. डावखुऱ्यांनी उलटं मोजायचं. आता तर्जनीच्या बुडाचं हाड, म्हणजे मूठ आवळल्यावर वर येतो तो सांधा, तो कुठल्या नंबरवर टेकतो त्यावर पकडीचं नाव.

दोनवर टेकला तर काँटिनेंटल. हातोडी धरतो तशी. सर्व्ह, व्हॉली, स्लाइस, ओव्हरहेड, सगळं हिच्याने. तीनवर इस्टर्न, आपल्याकडचे जुने कोच हिला शेकहँड म्हणतात, तळवा जाळीवर ठेवून सरकवत मुठीपर्यंत आणला की हीच मिळते. चारवर सेमी-वेस्टर्न, हल्लीच्या बहुतेकांचा फोरहँड याच्या आसपास. पाचवर वेस्टर्न, श्वियाँतेकचा फोरहँड बघा, मूठ पार खालून धरलेली असते. उंच उसळलेल्या बॉलला ती उत्तम, पण खाली राहिलेल्या स्लाइसला पाय मोडून बसावं लागतं.

तुमची रॅकेट सर्व्हला फिरते त्याचं कारण माझ्या मते साइजपेक्षा हेच. टेबल टेनिसवाले आहात, म्हणजे शेकहँडची सवय आहे, सर्व्हलाही तीनवर किंवा चारवर धरत असणार. त्या पकडीने जाळी आधीपासूनच बॉलकडे तोंड करून असते, तुम्ही बॉल ढकलता, मनगट मागे मोडतं, आणि बॉल जरा मधोमध नाही लागला की मूठ फिरते. दोनवर धरलं की रॅकेट कडेने वर जाते आणि शेवटच्या क्षणी कोपराखालचा हात बाहेर वळून जाळी उघडते. वेग तिथे येतो. सुरुवातीला बॉल सगळे डाव्या कुंपणावर जातील, लाज वाटेल, तरी तीनवर परत जायचं नाही. आधी फूटभर उंचीवर धरून नुसता बॉल रॅकेटच्या कडेने जमिनीवर टप्पे टप्पे पाडा, तो झाला की गुडघे टेकून नेटपलीकडे सर्व्ह टाका. गुडघ्यावर बसून ढकलता येत नाही, बॉल वरच मारावा लागतो, हात आपोआप वळायला शिकतो.

घामट_दादरकर

मास्तर, पुण्यात बालेवाडीला टाटा ओपनची २०१९ ची फायनल बघितली होती, अँडरसन आणि कार्लोविच, दोघंही पावणेसात फुटांच्या आसपास, तिन्ही सेट टायब्रेक, ७-६, ६-७, ७-६. त्यात बघण्यासारखं दुसरं काही घडतच नव्हतं म्हणून सर्व्हच्या वेळी त्यांच्या हाताकडे बघत बसलो. पकड इतकी ढिली की बॉल उडवताना खालची दोन बोटं मुठीवरून जवळजवळ सुटलेली. आणि आम्ही पाच फूट सहा इंच, हत्यार आवळून धरल्यासारखे.

पॉली_स्ट्रिंग

मास्तर दोनहाती बॅकहँडचं पण सांगा ना, त्यात मूठ दोन हातांची, मग साइज कोणाच्या हाताची?

बेसलाइन_मास्तर

खालच्या हाताची. उजवा खाली असेल तर तो दोन नंबरवर, डावा वर शेकहँड किंवा जरा खाली सरकलेला, आणि फटका मुख्यतः वरच्या डाव्या हाताचा. म्हणजे डाव्या हाताचा फोरहँडच समजा. ओव्हरग्रिप नेहमीपेक्षा वरपर्यंत न्या, लांब पट्टीची मिळते, नाहीतर डावा हात अर्धा उघड्या ग्राफाइटवर येतो. एकहाती मारणाऱ्यांनी बॅकहँडला सांधा एक नंबरवर आणायचा, आपल्या बोपण्णासारखा. आपल्याकडे नव्याने शिकणाऱ्या मोठ्या माणसांना मी दोनहातीच शिकवतो, कोपर वाचतं.

कोर्टाबाहेरची_आई

माझ्या मुलीचं कोणीच सांगितलं नाही.

डावखुरी_लीना

अहो सॉरी, राहिलंच. अकरा वर्षांची म्हणजे उंचीप्रमाणे २६ इंची ज्युनियर रॅकेट बघा, मोठ्यांची २७ इंची असते. ज्युनियरच्या मुठी बारीकच असतात, एल-० किंवा त्याच्याही आत. "वाढत्या अंगाची आहे" म्हणून पुढची साइज घेऊ नका, फ्रॉक सैल चालतो, मूठ नाही चालत. ती जाड मुठीने खेळली तर दोन नंबरवर हात जाणारच नाही, सगळंच चारवर धरून मारायला लागेल आणि ती सवय मग मोडत नाही. बारीक घ्या, हात वाढला की ओव्हरग्रिप लावा, आणखी वाढला की तोवर रॅकेटच बदलायची वेळ येईल. मुलींना रंगीत ओव्हरग्रिप आवडतात, ती तिची तिलाच गुंडाळू द्या, एक दोन वाया जातील.

कोर्टाबाहेरची_आई

धन्यवाद ताई! ती डावखुरी आहे, त्यामुळे तुमचं नाव बघून बरं वाटलं. गुंडाळायची उलटी असते का?

रविवारचा_खेळाडू

अपडेट देतो. बेस ग्रिप काढली, आतून मूठ बघून आश्चर्य वाटलं, एवढी बारीक असेल असं वाटलं नव्हतं. दोन ओव्हरग्रिप लावल्यात, आता तर्जनी फटीत जेमतेम सैल बसते, म्हणजे एल-३ च्या जवळपास आलो असेन. हात दमणं बरंच कमी आहे, पण मास्तर म्हणाले तसं सर्व्हचे सगळे बॉल डावीकडे, काल एक बॉल पार्किंगमधल्या चेअरमनच्या गाडीवर. पुढची रॅकेट एल-२, पण ती दिवाळीनंतर, तोवर घरात काही बोलायचं नाही असं ठरवलंय. वरच्या टोकाला ग्रिप धरून ठेवणारी फिनिशिंग टेप मात्र सारखी सुटते, काय करू?

डावखुरी_लीना

@आई, हो उलटी. ओव्हरग्रिपचं निमुळतं टोक बट कॅपवर ठेवून सुरुवात करायची, वरचं पातळ प्लॅस्टिक आधी काढायचं (लोक विसरतात आणि मग म्हणतात घसरते), थोडी ताणून आणि प्रत्येक वेढा आधीच्यावर पाव इंच चढवत वर जायचं. उजव्या हाताचे ज्या दिशेने गुंडाळतात त्याच्या विरुद्ध आपण गुंडाळायची, नाहीतर फटका मारताना हात त्या कडांना उचलतो आणि दोन दिवसांत ती सुटून वर गोळा होते. दुकानात लावून घेतलीत तर डावखुरी आहे हे आधी सांगा, कोणी विचारत नाही.

@रविवारचा, शेवटचा वेढा तिरका कापा, म्हणजे पट्टी मुठीला काटकोनात संपते, मग टेप सपाट बसते. सरळ कापली तर एक कोपरा उचललेला राहतो आणि टेप तिथूनच सुटते. तरी सुटली तर इलेक्ट्रिशियनची काळी इन्सुलेशन टेप लावा.